उणे दहा नारळ : छत्तिसाव्या वर्षी बीजगणित पुन्हा पहिल्यापासून

मयेकाठची · शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. वय ३६, गाव मये, नोकरी डिचोलीत, काम हिशेबाचं. बारावी कॉमर्स, तीही गणिताशिवाय. आता दूरशिक्षणातून बीसीए करायचं मनावर घेतलंय आणि पहिल्याच वर्षी गणिताचा पेपर आहे. हातात चार महिने. पुस्तक उघडलं तर सुरुवातच फलन (फंक्शन) आणि मॅट्रिक्सपासून. मिटलं. अकरावीचं काढलं, तेही मिटलं. असं एकेक पायरी उतरत आठवीच्या पुस्तकापाशी येऊन बसले, तर तिथेही घसरले.

चौथीपर्यंत मी गावच्या सरकारी मराठी शाळेत. तिसापर्यंत पाढे पाठ, पावकी-निमकी आईकडून. गणितात कधी मागे नव्हते. पाचवीत हायस्कूल आणि सगळं एकदम इंग्रजीतून. पुढे वर्गात एक्स आला तेव्हा मी उठून विचारलं, "हा एक्स म्हणजे कोण?" वर्ग हसला. टीचर म्हणाल्या, "तो शोधायचा असतो." त्यानंतर मी गणिताच्या तासाला काही विचारलं नाही, दहावी काठावर सुटले.

आता कालची गंमत सांगते. पुस्तकात पेन-वह्यांचं गणित होतं, मी त्याचे नारळ केले. आईने पंधरा वर्षं म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात नारळ विकलेत, म्हटलं तेवढाच आधार. लहान नारळ २५ रुपये, मोठा ४०. एकूण ३० नारळ विकले, ९६० रुपये आले. लहान किती? (एक्सऐवजी इथे क्ष लिहिते, मराठी शाळेचं ऋण.)

२५क्ष + ४०(३० − क्ष) = ९६०
२५क्ष + १२०० − क्ष = ९६०
२४क्ष = −२४०
क्ष = −१०

उणे दहा नारळ! आईला मोठ्याने वाचून दाखवत होते. माझी पहिली ओळ लिहून व्हायच्या आत ती "सोळा" म्हणाली होती. कसं म्हणून विचारलं तर म्हणे, "असंच."

माझं कुठे चुकलं, आणि मुख्य म्हणजे कुठून सुरुवात करू?

पायलट_विदाउट_बाईक · शुक्रवार, रात्री ११:०५

उणे दहा म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे पण दिले आणि वर दहा नारळ पण ठेवून गेला. असं गिऱ्हाईक मिळालं तर मलाही पत्ता द्या.

चेष्टा बाजूला. मी तीन वर्षांपूर्वी बीसीए केलंय, तेही गणिताला घाबरत. होतं. चार महिने भरपूर आहेत.

लादीवाला_पेडणे · शनिवार, सकाळी ६:५०

ताई, दुसरी ओळ बघा. कंसाबाहेरचे ४० तुम्ही फक्त ३०ला लावले, क्षला लावायचे राहिले. १२०० − ४०क्ष पाहिजे.

मी दहावी नापास, लाद्या बसवायचं काम करतो, पण ही चूक आमच्या धंद्यात रोज होते. एक चौरस खोली १० बाय १०, लादी एक बाय एकची, म्हणजे १०० लाद्या. मालक म्हणतो, दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट वाढव. नवा पोरगा हिशेब करतो : दहाचे शंभर, दोनचे चार, १०४ लाद्या मागवा. खोली झाली १२ बाय १२, लागतात १४४. कमी पडल्या ४०. कुठे गेल्या? मूळ खोलीच्या कडेने दोन लांब पट्ट्या असतात, १० बाय २ची एक आणि तशीच दुसरी. वीस आणि वीस. पोराने कोपरा मोजला, पट्ट्या विसरला. पुस्तकात ह्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही.

तिसऱ्या_मजल्यावरून · शनिवार, सकाळी ९:१५

लादीवाले, पुस्तकात त्याला (अ + ब)² = अ² + २अब + ब² म्हणतात, आणि तुमच्या त्या दोन पट्ट्या म्हणजे २अब. हे इतकं स्वच्छ मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. सोमवारी सांगणार आहे.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. मयेकाठची, तुम्ही आठवीपर्यंत खाली उतरलात त्याबद्दल शरम वाटून घेऊ नका. माझ्यासमोर बसलेल्या बऱ्याच मुलांनी तेच करायला हवं होतं. कॅल्क्युलस अवघड म्हणून मुलं अडतात असं लोकांना वाटतं. पेपर तपासताना मला दिसतं ते वेगळंच. क्ष² चा विकलज (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वक्राचा चढ) मूळ व्याख्येवरून काढायचा असतो. त्यासाठी ((क्ष + ह)² − क्ष²) ला ह ने भागायचं आणि मग ह शून्याकडे न्यायचा. पट्ट्या लक्षात असतील तर वर २क्षह + ह² उरतं, ह ने भागून २क्ष + ह, शेवटी २क्ष. पट्ट्या विसरणारा मुलगा वर नुसता ह² ठेवतो, भागून ह, आणि शेवटी शून्य. म्हणजे ह्या वक्राला कुठेच चढ नाही. मांडवी पुलावरून पर्वरीकडे चढणारा रस्ता सपाट आहे असं त्याने उत्तरपत्रिकेत लिहून दिलं, आणि त्यातली कॅल्क्युलसची पायरी मात्र अगदी बरोबर केली. चूक आठवीतली, गुण गेले कॉलेजात.

आबोलीची_फाती · शनिवार, दुपारी २:३०

सर, तुम्ही माझ्याच मुलाबद्दल लिहिलंत की काय असं वाटलं. दहावीला गणितात ८५, म्हणून सायन्स घेतलं. अकरावीच्या पहिल्या परीक्षेत ३१. शिकवणी लावली आहे, तिथे रोज पुढचा धडा. मी म्हटलं मागचं बघ, तर म्हणतो, "बीजगणित झालं ना दहावीत!"

मयेकाठची, तुमचं पाचवीचं वाचून पोटात कालवलं. आमच्या वेळेस वाड्यावरच्या निम्म्या मुलांचं तेच झालं.

फळा_खडू · शनिवार, रात्री ८:२०

मयेकाठची बाय, मी फोंडा तालुक्यात एकतीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं. आता निवृत्त आहे. तुझा प्रश्न वाचून दोन वेळा फेरी मारून आलो, मग लिहायला बसलो.

वर्ग हसला तो प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे बाराव्या शतकात, अज्ञात राशीला नाव आहे यावत्तावत्. शब्दशः अर्थ जेवढं असेल तेवढं. दुसरी अज्ञात राशी आली तर कालक, तिसरी नीलक, मग पीतक, अशी रंगांची नावं, आणि लिहिताना पहिलं अक्षर फक्त : या, का, नी. "हा एक्स म्हणजे कोण" ह्याचं उत्तर तिथे नावातच दिलेलं आहे. जेवढे नारळ असतील तेवढे. तो कुणी गूढ पाहुणा नाही, ती एक साधी संख्या आहे जी अजून आपल्याला माहीत नाही. त्यामुळे संख्येला जे जे करता येतं ते सगळं क्षला करता येतं, आणि संख्येला जे करता येत नाही ते क्षलाही नाही. माझ्या मते निम्मं बीजगणित एवढंच आहे.

आता तुझं उणे दहा. चूक लादीवाल्यांनी दाखवली. माझी तक्रार वेगळी आहे : तू ताळा केला नाहीस. हिशेबाच्या नोकरीत आहेस, रोज संध्याकाळी ताळा लावल्याशिवाय उठत नसशील. मग इथे का सोडलास? क्षच्या जागी −१० पहिल्या ओळीत घाल. २५ गुणिले −१० म्हणजे −२५०. कंसात ३० − (−१०) म्हणजे ४०, त्याला ४० ने गुणून १६००. बेरीज १३५०. पाहिजे होते ९६०. उत्तर चुकलंय हे पुस्तकाच्या मागच्या पानावर न जाता घरच्या घरी कळलं. शिकवणीशिवाय एकट्याने शिकणाऱ्या माणसाला ताळ्यासारखा दुसरा मास्तर नाही.

आणि आईला पुन्हा विचार. "असंच" वर सोडू नकोस. तिने काय धरलं, काय वजा केलं, ते तिच्याच शब्दांत लिहून आण.

सुरुवात कुठून ह्याबद्दल : आधी उणे संख्या आणि अपूर्णांक, मग कंस, मग एका चलाची समीकरणं. इथे दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील, घाई करू नकोस. पुढे घातांक, अवयव, वर्गसमीकरण भराभर येतात. वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडे ओळ, उजवीकडे ती ओळ का लिहिली त्याचं कारण. कारण सुचलं नाही तर ती ओळ लिहायची नाही.

मयेकाठची · रविवार, सकाळी ११:१०

देव बरें करूं, मास्तर. आणि लादीवाले दादा, तुमचंही.

आईला धरून बसवलं. ती नारळ सोलत होती, मी लिहून घेत होते. तिचं असं :

"सगळे मोठेच धर. तीन चोक बारा, म्हणजे बाराशे. माझ्या हातात आले नऊशे साठ. दोनशे चाळीस कमी. एक मोठा काढून त्या जागी लहान ठेवला की पंधरा कमी होतात. दोनशे चाळिसात पंधरा किती वेळा? सोळा."

मग चूक सुधारून माझं :

२५क्ष + १२०० − ४०क्ष = ९६०
१२०० − १५क्ष = ९६०
१५क्ष = २४०
क्ष = १६

दहा मिनिटं नुसती बघत राहिले. दुसरी ओळ आईचीच आहे! बाराशे तिचे, पंधरा तिचे, दोनशे चाळीस तिचे. फरक एवढाच की तिने क्ष लिहिला नाही. ताळा पण केला : १६ पंचवीस ४००, १४ चाळीस ५६०, एकूण ९६०.

आईला दाखवलं. "एवढं लिहायला कशाला पाहिजे?" म्हणाली आणि नारळ सोलायला लागली.

फळा_खडू · रविवार, दुपारी १२:०५

आईला माझा नमस्कार सांग. एक उत्तर आधी धरून चालायचं, किती चुकतं ते बघायचं आणि त्यावरून खरं उत्तर गाठायचं, ही जुनी रीत आहे. लीलावतीत इष्टकर्म म्हणून प्रकरण आहे ते ह्याच जातीचं.

पण तिच्या प्रश्नाचं उत्तरही तिला सांग. नारळ दोन प्रकारचे आहेत तोवर डोक्यात जमतं. तीन प्रकारचे झाले, त्यात दलालाची टक्केवारी आली, की डोकं पुरत नाही. लिहिण्याचा उपयोग तिथे.

पायलट_विदाउट_बाईक · रविवार, दुपारी ४:४०

फलनाला घाबरलात म्हणून माझं नाव वाया जाऊ न देता सांगतो. पणजी बसस्टँडवर पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करता. समजा तो म्हणाला, मागे बसल्याचे ३० आणि पुढे किलोमीटरला १२. तुम्ही अंतर सांगितलं की भाडं ठरलं. एका अंतराला एकच भाडं. हेच फलन : य = १२क्ष + ३०. आलेख काढला तर सरळ रेष, १२ हा तिचा चढ. आणि बसून लगेच उतरलात, क्ष शून्य, तरी ३० गेलेच, म्हणून रेष शून्यातून न निघता ३० वरून निघते.

एकाच अंतराला पर्यटकाला वेगळं भाडं सांगितलं तर ते फलन राहत नाही, हे आमच्या सरांनी सांगितलेलं. (मीटर, दर वगैरे वाद इथे नको.)

डोंगरपाल_ते_दोडामार्ग · रविवार, रात्री ९:३०

मी पलीकडचा, सिंधुदुर्गातला. आमच्याकडे दहावीपर्यंत गणित मराठीतून, बीजगणिताचा पेपर वेगळा, भूमितीचा वेगळा. तरी आम्हीही अडलो, म्हणजे दोष नुसता भाषेचा नाही. माझ्या मते दोष "पलीकडे नेलं की चिन्ह बदल" ह्या एका वाक्याचा आहे. मी त्या वाक्यावर दहावी काढली आणि डिप्लोमाला तोंडावर आपटलो. −३क्ष = १२. उणे तीन पलीकडे नेले, चिन्ह बदललं, अधिक तीन झाले, क्ष = ४. ताळा करा, −१२ येतं. मला दोन वर्षं कळलं नव्हतं की हे का चूक.

पलीकडे काही "जात" नाही. तराजू आहे. दोन्ही पारड्यांत एकच गोष्ट करायची. क्ष + ५ = १२, दोन्हीकडून पाच काढा. −३क्ष = १२, दोन्ही बाजूंना −३ ने भागा, क्ष = −४. बस.

फळा_खडू · रविवार, रात्री १०:१५

हे वाक्य मी एकतीस वर्षं वर्गात म्हटलंय, म्हणून दोन शब्द. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस-पंचेचाळीस मुलं, पोर्शन मार्चपर्यंत संपवायचा. त्यात प्रत्येक ओळीला "दोन्ही बाजूंतून पाच वजा" लिहीत बसलो तर तीन गणितं होतात. सवय झालेल्याला ते वाक्य सोयीचं आहे. तुम्ही गाडी चालवताना प्रत्येक वेळी क्लच म्हणजे काय ह्याचा विचार करता का?

डोंगरपाल_ते_दोडामार्ग · रविवार, रात्री १०:२८

नाही मास्तर, पण शिकताना करत होतो. तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशीच चौथ्या गियरमध्ये टाकलंत.

फळा_खडू · रविवार, रात्री १०:५५

मान्य. पहिल्या दिवशी तराजू, नंतर सवय. मी उलट केलं असेन. वर त्या पोरांना एकाच वाक्यात बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार-भागाकार दोन्ही कोंबून दिले, हेही चुकलंच.

तिसऱ्या_मजल्यावरून · सोमवार, सायंकाळी ६:१०

लादीची खोली आज फळ्यावर काढली. मागच्या बाकावरून "अरे, म्हणजे हे खरंच आहे!" असं ऐकू आलं. बारावीत ९० मिळवलेला मुलगा.

अजून एक रोग सांगतो, खोडाखोडीचा. (क्ष² − ४) ला (क्ष − २) ने भागायचं असतं. मुलगा वरच्या क्ष² ला खालच्या क्ष ने खोडतो, क्ष उरला. मग −४ ला −२ ने, +२ उरले. उत्तर क्ष + २. आणि हे उत्तर बरोबर आहे! खरी वाट अशी की वरचे अवयव (क्ष − २)(क्ष + २) पाडायचे आणि पूर्ण (क्ष − २) हा अवयव रद्द करायचा. ह्याने पदाला पद खोडलं आणि नशिबाने तिथेच पोचला. गुण मिळाले की रोग पक्का होतो. पुढच्या गणितात (क्ष² + ४) भागिले (क्ष + २) आलं की तो पुन्हा क्ष + २ लिहितो. आबोलीताई, मुलाला ह्यात क्षच्या जागी १ घालायला सांगा. खरी किंमत ५ छेद ३, त्याच्या उत्तराने ३. गुणाकाराने जोडलेलं रद्द होतं, बेरजेने चिकटलेलं होत नाही, हे त्याला नियम म्हणून सांगण्यापेक्षा दोन आकड्यांनी जास्त पटेल.

आबोलीची_फाती · सोमवार, रात्री ९:००

घातला. आधी म्हणाला, "असं आकडे घालून बघायचं नसतं, अल्जिब्रा आहे." मग घातला. मग बराच वेळ गप्प. आता खोलीत दार लावून बसलाय, अभ्यास की रुसवा, कळत नाही.

मयेकाठची · बुधवार, रात्री ११:२०

तीन दिवस फक्त कंस आणि उणे. पान दुमडून. उजव्या बाजूला कारण लिहायची शिक्षा भारी आहे, पण सगळ्यात जास्त तिथेच कळतं. "उणे कंस" आला की अजून हात थरथरतो. ७ − (क्ष − ३) हे ७ − क्ष − ३ लिहिलं होतं, कारण लिहायला गेले आणि सुचेना. मग आठ घातले क्षच्या जागी. ७ − ५ म्हणजे २. माझं उत्तर −४. मग उधारीसारखा विचार केला : गिऱ्हाइकाकडून क्ष रुपये वजा करायचे होते, पण त्यातले ३ त्याला आधीच सूट. सूट वजा झाली म्हणजे त्याचे तीन वाढले. ७ − क्ष + ३.

आणि भाषेचं एक सापडलं, ते सांगायलाच आले. इंग्रजी पुस्तकात "फाईव्ह लेस दॅन एक्स" असं असतं. मी शाळेत ते नेहमी ५ − क्ष लिहायची, ज्या क्रमाने वाचलं त्या क्रमाने. मराठीत म्हणा : क्षपेक्षा ५ ने कमी. क्ष आधी, पाच नंतर, क्ष − ५. मराठीतल्या क्रमानेच लिहिलं तर बरोबर येतं! पाचवीत कुणी हे एकदा मराठीत म्हणवून घेतलं असतं तर. असो. आता शाब्दिक उदाहरण आधी मराठीत मोठ्याने म्हणते, मग समीकरण. शेजारच्यांना वाटतं मी नाटकाचे संवाद पाठ करते, आमच्या जत्रेला अजून वेळ आहे म्हणून विचारत होते कुठलं नाटक.

लादीवाला_पेडणे · गुरुवार, सकाळी ६:३५

ताई, मी पण वही घेतली. दहावी परत देईन की नाही माहीत नाही. पण चालू आहे.

फळा_खडू · शुक्रवार, सायंकाळी ५:४५

दोघांनाही एक बक्षीस. भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं उदाहरण, माझ्या शब्दांत.

माकडांचा एक कळप. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले, त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक बाहेर फांदीवर दिसतंय. कळप केवढा?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

इथे लादीच्या पट्ट्या विसरलात तर बुडालात. नीट सोडवून क्ष² − ५५क्ष + २५० = ० पर्यंत या. मग दोन संख्या शोधा ज्यांची बेरीज ५५ आणि गुणाकार २५०.

मयेकाठची · शनिवार, सकाळी १०:००

पट्टी पहिल्यांदा विसरलेच. दुसऱ्यांदा आलं. (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०, म्हणजे ५० किंवा ५. दोन्हींचा ताळा केला. ५० चा पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १. बरोबर. ५ चा पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे −२, वर्ग ४, अधिक १. हेही बरोबर! दोन कळप कसे?

आईला विचारलं. ती म्हणाली, "पाचच माकडं, पाचवा वाटा एक. त्या एकातून तीन कुठली काढतेस?"

फळा_खडू · शनिवार, सकाळी १०:२५

बाय, तुझ्या आईने भास्कराचार्यांचाच निर्णय दिला. त्यांनीही दुसरं उत्तर ह्याच कारणाने नाकारलं : उणे माकडं लोकांना पटत नाहीत. आकड्यांचा ताळा जमला तरी गोष्टीचा ताळा जमत नाही. हिशेबात मात्र उणे संख्येचं कुणाला वावडं नव्हतं. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्येच धन आणि ऋण ह्यांचे बेरीज-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले होते. ऋण म्हणजे कर्ज, ते तुझ्या रोजच्या वहीत आहेच. तेव्हा तुझे ते उणे दहा नारळ, दहा नारळांचं देणं म्हणून वाचले तर अगदीच वेडगळ नव्हते. चूक होते, एवढंच.

आबोलीची_फाती · शनिवार, दुपारी १:१५

रुसवा नव्हता. आठवीचं पुस्तक माळ्यावरून त्याने स्वतः काढलं. शिकवणीच्या सरांना सांगितलेलं नाही.

मयेकाठची · रविवार, रात्री १०:५०

अजून एक, मग झोपते. क्ष² = ५क्ष. दोन्ही बाजूंना क्षने भागलं, तराजू सांभाळून, कारण पण लिहिलं. क्ष = ५. ताळा बरोबर. पुस्तकात मागे उत्तर ५ आणि ० असं दोन दिलंय. हे शून्य कुठून आलं?

फळा_खडू · रविवार, रात्री १०:५८

ज्याने भागलंस तो क्षच शून्य असेल तर?

मयेकाठची · रविवार, रात्री ११:०४

अरे देवा. भागताना मीच त्याला हाकलून दिलं. उजव्या बाजूचं कारण खोडते. सगळं एका बाजूला घेऊन क्ष(क्ष − ५) = ० असं करू का?

फळा_खडू · रविवार, रात्री ११:०६

कर. आणि दोन्ही ताळे लिही.